घाणेवाडीच्या काठावरचा विज्ञानतास

वाटूर फाट्यावरून जालन्याच्या मोंढ्याकडे धान्याच्या गाड्या जातात, तशी शाळेची मुलेही जातात; परंतु बहुधा कपडे व पुस्तके घेण्यासाठी. सहल निघते ती वेरूळ-अजिंठ्याला. दहावीच्या विज्ञानात पर्यावरणीय व्यवस्थापन आणि हरित ऊर्जा यांचे धडे आहेत, नववी-दहावीला जलसुरक्षा हा स्वतंत्र विषयही आहे. या साऱ्यांची प्रयोगशाळा जालना शहरातच उघडी पडलेली आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

आरंभ घाणेवाडी तलावापासून करावा. निजामकाळात बांधलेल्या या तलावाचे पाणी केवळ उताराने शहरात येत असे. २०१२ च्या दुष्काळात तलाव आटला आणि जालन्याची तहान टँकरवर आली. आता शहराला पैठणच्या जायकवाडीतूनही जलवाहिनीने पाणी येते, आणि त्यासाठी पंप चालवावे लागतात. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला तत्त्वतः पाव युनिटहून थोडी अधिक वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्त. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यातील सूत्र येथे वीजबिलाचे रूप घेते.

घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने लोकसहभागातून या तलावाचा गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेला. मुलांनी टेप घेऊन खड्डा मोजावा. १० घनमीटर गाळ निघाला की १०,००० लिटरची जागा होते, म्हणजे एक मोठा टँकर. तलाव भरेल त्या प्रत्येक वर्षी हा टँकर जमेच्या बाजूस येतो. हा हिशेब व्यापारी घरातील मुलाला शिक्षकापेक्षा आधी उमगेल! पाणी गाळून जिवाणी मूळ जलाशयात परत सोडण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे पाण्याचा उगम पाहण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा मुक्काम पोलाद कारखान्याचा. भट्टीजवळ मुलांना नेऊ नये. भंगाराचा ढीग आणि विजेचा मीटर दाखविला तरी पुरे. एक टन भंगार वितळवायला सुमारे ६०० युनिट वीज लागते. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराची ती सहा महिन्यांची वीज होय.

चाळीस मुले वहीविना फिरली तर ती सहलच ठरते. पाच-पाचांचे गट, प्रत्येक गटाला एकच प्रश्न आणि परतल्यावर फळ्यावर त्याचा जमाखर्च, इतकी शिस्त हवी. बसभाडे हा मोठा अडसर असतो. मोंढ्यातील एखाद्या पेढीने तो उचलला आणि अर्धा दिवस आपले गोदाम मुलांसाठी उघडले, तर छपराचे क्षेत्रफळही मोजता येईल : १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. पाऊस हुकला की मोंढ्याची आवक घटते आणि उधारी थकते. तेव्हा हा खर्च पेढीला परका नाही.

भेटी दोन असाव्यात : सप्टेंबरात पाणी साठलेले असताना एक, आणि मार्चमध्ये त्याच वर्गाची, त्याच काठावर, त्याच वह्या घेऊन दुसरी.