मदत आली, पण उतरवायची कुठे?

मोठं संकट आलं की जगभरातून मदत येते. ‘चला, आता काळजी मिटली,’ असं आपल्याला वाटतं. पण खरी कसरत तिथूनच सुरू होते!

नेपाळचंच उदाहरण घ्या. २५ एप्रिल २०१५ रोजी, दुपारी बाराच्या सुमारास तिथं ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९ हजार माणसं दगावली. लाखो घरं पडली, हजारो वर्गखोल्या ढासळल्या. शनिवार म्हणजे नेपाळात शाळेची सुट्टी, म्हणून किती मुलं वाचली असतील!

भारतासह अनेक देशांनी लगोलग मदत धाडली. पण काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच! विमानं आकाशात घिरट्या घालत राहिली, काही तर माघारी वळली. पुढे धावपट्टीलाच इजा झाली आणि ३ मेपासून अवजड विमानांना बंदी करावी लागली. म्हणजे मदत दारात, पण आत शिरायला वाट नाही!

अशा वेळी मेळ घालायचा कुणी? पहिला मान त्या देशाच्या सरकारचा. त्याच्या जोडीला असतं संयुक्त राष्ट्रांचं ‘ओचा’ हे समन्वय कार्यालय. २००५पासून कामांची वाटणीही ठरलेली आहे. आरोग्याच्या कामाचा मेळ जागतिक आरोग्य संघटना घालते, पाणी आणि स्वच्छतेचा युनिसेफ, तर मालवाहतुकीचा जागतिक अन्न कार्यक्रम. बाकीच्या लहानमोठ्या संस्था त्या त्या गटात बसून विचारतात, ‘कुठलं गाव राहिलंय?’ नाहीतर एका गावात तंबूंचा ढीग आणि शेजारच्या गावात एकही नाही, असं व्हायचं.

ढिगाऱ्याखाली माणसं शोधणाऱ्या पथकांचीही एक खूणभाषा आहे. शोध संपला की पथक इमारतीवर आपलं नाव, तारीख आणि काय आढळलं ते लिहितं. दुसरं पथक आलं की खूण वाचून पुढे जातं. आत कुणी जिवंत असेल, तर मिनिटामिनिटाला मोल असतं ना!

नेपाळात पावसाळाही जवळ येत होता. डोंगरातल्या ज्या गावांचे रस्ते खचले होते, तिथं धान्य आणि पत्रे शेवटी माणसांच्या पाठीवरून आणि खेचरांवरून पोचवले गेले. कुणाला कुठली वाट द्यायची, तेही आधी ठरवावंच लागलं.

तेव्हा दोस्तांनो, पूरग्रस्तांसाठी शाळेत कपडे गोळा कराल, तेव्हा आधी एक चौकशी कराच: त्यांना हवंय काय? कपड्यांचे ढीग आधीच पडले असतील आणि पिण्याचं पाणीच नसेल, तर? विचारून दिलेली मदत थोडी असली, तरी कामी येते!