धुतलेल्या कॉफीचं पाणी

नौपाड्यात फिल्टर कॉफीची पूड घेताना ‘प्लांटेशन ए’ की ‘रोबस्टा चेरी’ असा प्रश्न येतो. चेरी म्हणजे फळ सालीसकट उन्हात वाळवलेली कॉफी, तर प्लांटेशन म्हणजे साल काढून, आंबवून धुतलेली. ते धुण्याचं पाणी मागे कोडगू-चिकमगळूरच्या डोंगरातच राहतं.

गैरसमज : फळाचंच तर पाणी, ओढ्यात सोडलं म्हणून काय बिघडलं?

बिघडतं ते फळामुळेच. गरातली साखर आणि पेक्टिन पाण्यात उतरून आंबतात, सामू चारच्या आसपास येतो. ओढ्यातले जिवाणू त्यावर तुटून पडतात, विरघळलेला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. हेच पाणी उघड्या खड्ड्यात साठवलं तर मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

गैरसमज : मग हा मिथेन पकडायला टाकी हवाबंद केली की गॅस सुरू.

टाकीत दोन बिऱ्हाडं असतात. एक साखरेचं आम्ल करतं आणि झपाट्याने वाढतं. दुसरं त्या आम्लाचा मिथेन करतं, पण ते सावकाश वाढतं आणि त्याला सामू सातच्या जवळपास लागतो. मळेवाल्याने हंगामाच्या घाईत भसाभस पाणी सोडलं की आम्ल साचतं आणि मिथेनवाले गप्प होतात. म्हणून आधी चुना घालून आंबटपणा मारायचा आणि मात्रा हळूहळू वाढवायची.

गैरसमज : शेणाशिवाय गॅस नाही.

शेण लागतं ते विरजणापुरतं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिठूळ, साखरट खरकट्यावर घरगुती संयंत्र चालवून दाखवलं आणि २००६मध्ये त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा बिनतोड आहे : शेणातलं बरंचसं अन्न गाईने आधीच पचवलेलं असतं.

गैरसमज : गॅसवर खर्च सहज निघतो.

पाण्यातला एक किलो सीओडी (सेंद्रिय घाणीचं ऑक्सिजनमधलं माप) घटला तर फार तर ३५० लिटर मिथेन मिळतो. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, मग टाकी उपाशी. माझ्या मते ही टाकी पाणी निवळण्यासाठीच बांधावी, चुलीला मिळेल तो गॅस वरकड.

आणि गॅस निघाला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असंही नाही. नत्र, स्फुरद त्यात राहतातच. आपल्याकडे मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलऱ्यांचा स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं सांडपाणी, मिथेन दिल्यावरही काळपटच असतो. तो पुढे आटवावा लागतो किंवा प्रेसमडमध्ये (उसाच्या रसाच्या गाळात) मुरवून त्याचं खत करावं लागतं.