गृहस्थाचे मोजमाप

जैन विचारावर बोलण्याचा ह्या गृहस्थाला अधिकार काय, असे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात येईल, आणि ते रास्तच आहे. मी जन्माने जैन नाही. माझे गाव वालावल. तेथील लक्ष्मीनारायणाच्या देवळात आणि देवळाजवळच्या तळ्याकाठी माझे बालपण गेले. शिवाय मी मासे खाणारा मनुष्य. बाजारात सुरमई आली की ज्याचे पाय आपोआप तिकडे वळतात, त्याने अहिंसेवर प्रवचन करावे हे हास्यास्पद होय. म्हणून प्रवचन न करता, त्या विचारातले जेवढे माझ्या संसारात उतरले तेवढेच सांगतो.

जैन आचारात व्रते पाच सांगितली आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. साधूने ती संपूर्ण पाळावयाची, तेव्हा ती महाव्रते. गृहस्थाने मर्यादा आखून पाळावयाची, तेव्हा तीच अणुव्रते. अणु म्हणजे लहान. ह्या एका शब्दाने मला मोठा धीर दिला. जे पुरतेपणी साधत नाही ते मुळीच करू नये, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. अणुव्रताच्या कल्पनेने ती पळवाट बंद होते. गृहस्थाच्या अपरिग्रहाला तर परिग्रहपरिमाण असेच नाव आहे. शेत, घर, सोने, चांदी, गुरे, धान्य, नोकरचाकर, भांडीकुंडी ह्यांची मर्यादा ज्याची त्याने ठरवावयाची, आणि एकदा ठरविली की ओलांडावयाची नाही. आकडा दुसरा कोणी घालून देत नाही, हीच त्यातली मेख आहे. दुसऱ्याने घातलेली अट मोडताना मनुष्याला एक प्रकारची हुशारी वाटते; स्वतःची मोडताना तशी वाटत नाही.

उमास्वातींचा ‘तत्त्वार्थसूत्र’ हा ग्रंथ श्वेतांबर व दिगंबर ह्या दोन्ही पंथांना मान्य आहे. त्यात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नसून मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूत जीव गुंतून पडण्यावरून केलेली आहे. हिंसेच्या व्याख्येतही प्राणघाताच्या जोडीला प्रमाद हा शब्द येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, विकाराच्या आहारी जाणे. हाताने काय घडले एवढेच तेथे विचारीत नाहीत. घडत असताना मन जागे होते काय, हेही विचारतात.

आता माझे परिमाण ऐका. आमच्याकडे सोमवारी आणि श्रावणात मासे वर्ज्य असतात. ती रीत घरातूनच मिळाली, तिचे श्रेय मला नाही. मी स्वतः आखलेली रेघ निराळी आहे. मृगाचा पहिला पाऊस कोसळून ओहोळ भरले की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने शेतांकडे चढतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. रात्री बत्ती आणि कोयती घेऊन ते मारावयास जाण्याची मौज मी तरुणपणी पुष्कळ लुटली. पोटे गाभोळीने भरलेली असतात, आणि त्या गाभोळीची चव काय वर्णावी! ती चव मी सोडली आहे. कोणी जैन मुनी ह्याला अहिंसा म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण पहिल्या पावसाच्या रात्री शेजारी हाक मारतात आणि मी घरात बसून राहतो, तेव्हा आपली रेघ कोठे आहे हे मला नेमके कळते.

रेघ पुष्कळ पुढे नेणारी माणसेही आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मले, आणि १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. सातारच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत. त्यांच्या जेवणाची पंचाईत पडू लागली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. त्या १९३० साली वारल्या. मूर्च्छा सुटणे म्हणजे काय, हे मला ग्रंथापेक्षा ह्या हकिकतीने अधिक कळले. सोने तर आपल्या सर्वांच्याच घरी थोडेफार असते.

अहिंसेचा धडा मात्र मला माझ्याच वर्गात मिळाला, आणि तो सांगावयास संकोच वाटतो. मी शाळामास्तर, माझ्या उमेदीच्या काळी छडी हे मास्तराचे भूषण मानले जाई. मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली, पण त्यापूर्वीची गोष्ट. कर्ली नदीपलीकडून होडीने येणारा एक मुलगा रोज उशिरा पोहोचे. एके दिवशी मी कारण न विचारता त्याला तीन छड्या मारल्या. पुढे समजले की होडी भरल्याशिवाय तारी ती सोडीत नसे. मुलगा पंधरा दिवस आला नाही. आला तो मागल्या बाकावर बसू लागला, आणि शाळा सोडीपर्यंत तेथेच बसला. मी प्राण घेतला नव्हता, पण प्रमाद म्हणतात तो हाच. तेव्हापासून आधी विचारावयाचे, असा नियम मी केला. छडी त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटली.

पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरीच्या दिवशी, श्वेतांबर जैन परस्परांची क्षमा मागतात. दिगंबरांत क्षमावाणीचा दिवस असतो. निवृत्त झाल्यावर मी ही रीत उचलली, आणि पहिल्याच वर्षी त्या मुलाचे घर शोधीत गेलो. तो आता दोन मुलांचा बाप आहे. अंगणात बसून मी सर्व हकिकत सांगितली आणि त्या तीन छड्यांबद्दल हात जोडून क्षमा मागितली. त्याने मला पाणी आणून दिले, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “तीन नाय गुरुजी, पाच होत्यो.”