पाळी का आली नाही?

धुळ्यात पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात, वर्गातल्या साऱ्या मैत्रिणींना पाळी सुरू झालेली असताना एखादीचीच राहिली, तर ‘येईल सावकाश’ अशी घरात समजूत घातली जाते, आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. तथापि १५ वर्षे पूर्ण होऊनही ऋतुप्राप्ती नाही, किंवा १३ व्या वर्षापर्यंत स्तनवृद्धीचे चिन्हही नाही, तर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवण्यास विलंब करू नये.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ही जणू वरिष्ठ कचेरी. तिचा हुकूम रक्तावाटे बीजकोशांना पोचतो, ते इस्ट्रोजेन निर्माण करतात, आणि त्यायोगे गर्भाशयाचे अस्तर वाढते. हुकुमांवर हुकूम सुटूनही इस्ट्रोजेन अत्यल्पच आढळले, तर दोष बीजकोशांत, म्हणून गुणसूत्रांची परीक्षा करतात. सुमारे २,५०० मुलींत एकीला टर्नर विकार, म्हणजे एका एक्स गुणसूत्राची उणीव, असते. हुकूमच क्षीण असेल, तर कुपोषण, दीर्घ आजार, अतिश्रम यांकडे दृष्टी वळते.

स्तनवृद्धी यथास्थित असूनही पाळी नसेल, तर गर्भाशय आहे की नाही हे सोनोग्राफी सांगते. दरमहा ओटीपोटात कळा येत असल्यास रक्त बाहेर येण्याची वाट बंद राहून ते आत साचल्याचा संभव असतो. तेथे बहुधा लहानशी शस्त्रक्रिया पुरते. पहिल्या पाळीपूर्वीही गर्भ राहू शकतो, म्हणून गर्भधारणेची चाचणी संकोच न बाळगता आधीच करावी, आणि मुलीशी एकांतात, मायेने बोलावे.