गावाची पीक-पुस्तिका गटाने कशी लिहावी?

शेतकरी गटाच्या बैठकीत हरभऱ्याच्या पाण्यावरून किंवा खतावरून तास-दोन तास चर्चा रंगते. त्यातली बरीचशी माहिती मोलाची असते. पण बैठक उठली की ती ज्याच्या त्याच्या डोक्यात राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तीच चर्चा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे काही गट आता आपल्या गावापुरती एखाद्या पिकाची छोटी पुस्तिका तयार करू लागले आहेत. अशाच एका गटाबरोबर हरभऱ्याच्या पुस्तिकेचे काम करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्यावरून काही गोष्टी येथे मांडत आहे.

वेळेचे गणित उलटे मांडावे

पुस्तिका पेरणीपूर्वी हातात पडली तरच तिचा उपयोग. कोरडवाहू हरभरा सप्टेंबरअखेरीपासून पेरला जातो, तर बागायती हरभऱ्याची पेरणी साधारणतः २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात होते. म्हणजे छापील प्रत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवी. छपाई आणि तपासणीला दीड महिना धरला तर कच्चा मजकूर जुलैअखेर पूर्ण व्हावा लागतो. जून-जुलैत खरिपाची घाई असल्याने लिखाणाला कोणी बसत नाही, हा अनुभव आहे. म्हणून खरी सुरुवात मळणी झाल्याबरोबर, मार्चमध्ये करावी. त्या वेळी किती पोती झाली, किती पाणी दिले, घाटे अळीवर काय फवारले हे सर्व ताजे असते. दिवाळीनंतर विचारलेले उत्पादन नेहमी दोन पोत्यांनी वाढलेले असते!

कामाची वाटणी

एकाने सगळे लिहायचे ठरवले तर ते त्या एकाच्याच शेताचे वर्णन होते. दहा जणांनी लिहिले तर दहा प्रकारचे लिखाण होते. त्यावर उपाय असा की माहिती सर्वांनी गोळा करावी, मात्र अंतिम वही एकाच्याच ताब्यात असावी. जमीन व वाण, खते, पाणी, तण, कीड-रोग आणि जमाखर्च असे विषय दोघा-दोघांना वाटून द्यावेत. जमाखर्च भगिनींकडे द्यावा. निंदणी, खुडणी व काढणीला किती मजुरी लागली याची खरी आकडेवारी त्यांच्याकडेच असते.

जुन्या कागदांपासून सावध

माहितीचे मुख्य स्रोत म्हणजे विद्यापीठाच्या शिफारशी, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग आणि गटाच्या स्वतःच्या नोंदी. गटातील एका ज्येष्ठ शेतकऱ्याने जपून ठेवलेली जुनी घडीपत्रिका आणली होती. मजकूर चांगला होता, पण घाटे अळीसाठी त्यात एन्डोसल्फान सुचविले होते. या औषधावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. दुसऱ्या एका तक्त्यात युरियाचे प्रमाण गोण्यांमध्ये होते. ती गोणी ५० किलोची, तर २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली आहे. दोन्ही कागद छापले गेले तेव्हा चूक नव्हते, काळ बदलला. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर तो कोठून घेतला आणि कोणत्या वर्षीचा आहे हे वहीत लिहावे. कीटकनाशकांच्या बाबतीत चालू वर्षाची शिफारस आणि डब्याबरोबरचे माहितीपत्रक दोन्ही ताडून पाहावे. माहितीपत्रकावर हरभऱ्याचे नाव नसेल तर ते औषध पुस्तिकेत घेऊ नये.

हेक्टर की एकर?

सर्वांत धोक्याची जागा हीच. विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी असतात, आपला व्यवहार एकरात आणि गुंठ्यात चालतो. आमच्या कच्च्या मजकुरात खताचे पान एकाने एकरी लिहिले, तणनाशकाचे पान दुसऱ्याने हेक्टरी लिहिले आणि वर कोणीच काही नमूद केले नव्हते. हरभऱ्याला हेक्टरी १२५ किलो डीएपी म्हणजे एकरी ५० किलो, एक गोणी. येथे चूक झाली तर पैसे वाया जातात. तणनाशकात मात्र पीकच हातचे जाऊ शकते. पेंडीमिथॅलीन ३० टक्के प्रवाही हे उगवणीपूर्वी हेक्टरी अडीच लिटर, ५०० लिटर पाण्यातून फवारायचे असते. म्हणजे एकरी एक लिटर. आमचे पान तसेच छापले गेले असते तर एखाद्याने एकरातच अडीच लिटर ओतले असते. वाचनाच्या बैठकीत एका तरुण शेतकऱ्याने 'पंधरा लिटरच्या पंपाला किती?' असे विचारले, तेव्हा ही चूक उघडी पडली.

या प्रश्नाचे उत्तरही एका ओळीचे नाही. एकरी २०० लिटर पाणी वापरले तर एका पंपाला ७५ मिली बसते. पण आपल्याकडे पुष्कळ जण दहाच पंपांत एकर उरकतात. त्यांना तेच एक लिटर औषध पुरवायचे तर पंपाला १०० मिली लागेल. म्हणून आधी साधे पाणी घेऊन आपल्या चालीने एकराला किती पंप लागतात ते मोजावे, असे वाक्य आम्ही त्या पानावर ठळक टाकले.

आकड्यामागचे कारण द्यावे

नुसती शिफारस लक्षात राहत नाही. ३० × १० सेंमी अंतरावर हेक्टरी सुमारे ३ लाख ३३ हजार रोपे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १८ ग्रॅम असेल तर तेवढ्या दाण्यांचे वजन ६० किलो होते. उगवण ८५ टक्के धरली की ७० किलोच्या आसपास बियाणे लागते. टपोऱ्या दाण्याच्या वाणांना १०० किलोपर्यंत बियाणे का लागते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. शंभर दाणे सोनाराच्या काट्यावर तोलून हा हिशेब कोणीही करू शकतो.

मतभेद झाल्यास

पाण्याच्या पानावर गटात चांगलीच जुंपली. एकाचे म्हणणे दोन पाण्यांत हरभरा येतो, दुसऱ्याचे म्हणणे तीन हवीतच. चौकशीअंती पहिल्याची जमीन नदीकाठची काळी भारी, तर दुसऱ्याची माळाची मध्यम निघाली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. त्यामुळे कोणताही अनुभव नोंदविताना जमीन, वाण, पेरणीची तारीख आणि असा अनुभव किती जणांना किती हंगाम आला हे लिहावे. एकाच्या एका हंगामाचा अनुभव असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, शिफारस म्हणून देऊ नये. उत्पादनासाठी शेतात तीन-चार ठिकाणी एकेक गुंठा मोजून काढणी करावी आणि सरासरीला ४० ने गुणावे. सर्वांत चांगला गुंठा निवडण्याचा मोह आवरावा.

मजकूर तयार झाल्यावर कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञांकडून तपासून घ्यावा. त्यानंतर बैठकीला कधीच न आलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे तो अडखळेल ते वाक्य बदलावे. मुखपृष्ठावर कोणत्या हंगामासाठी पुस्तिका आहे ते वर्ष छापावे आणि शेवटची दोन पाने कोरी सोडावीत. आमच्या गटाने येत्या मार्चच्या बैठकीला प्रत्येकाने आपली प्रत घेऊन यायचे ठरविले आहे, त्या कोऱ्या पानांवर जे लिहिले असेल त्यासह.