डोक्याला मार : ऑपरेशन कधी, थांबायचे कधी

गडी आंब्यावरून पडला. डोके आपटले. घटकाभर शुद्ध गेली. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. गडी उठून बसला. म्हणाला, "काही झालं नाही मला." चहा प्याला, घरी जाऊन आडवा झाला. बायको म्हणाली, "निजू द्या त्यांना, दमलेत." दिवेलागणीला हाक मारली तर ओ नाही!

हे कसे झाले ते आपण पाहू.

कवटी ही मेंदूची पेटी. ती सगळीकडे सारखी जाड नसते. कानशिलापाशी हाड पातळ असते, आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक रक्ताची नळी जाते. कानशिलावर मार बसून हाडाला तडा गेला, तर ही नळी फाटू शकते. मग हाडाच्या आत रक्त साठू लागते. आधी थोडेच असते, म्हणून माणूस बोलतो, चालतो. पण हाडाची पेटी काही फुगत नाही. रक्त वाढेल तसा मेंदू दाबला जातो. शेवटी श्वास चालवणारा भागही दाबला जातो.

शिकल्यासवरल्या माणसांचीही इथे फसगत होते. नताशा रिचर्डसन ही इंग्लंडची नामांकित नटी. १६ मार्च २००९ रोजी कॅनडात बर्फावर घसरून पडली. हसत उठली. आलेली रुग्णगाडी परत पाठवली. तासाभराने डोके दुखू लागले. १८ मार्चला ती वारली. आत रक्त साठले होते.

अशा वेळी सी. टी. स्कॅन काढून रक्त कुठे आहे ते पाहतात, कवटीला खिडकी पाडून ते काढून टाकतात. इथे तासांचा हिशोब असतो. १९८१ साली अमेरिकेत रिचमंडच्या डॉक्टरांनी ८२ रोग्यांची हकीकत छापली. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठून ते बेशुद्ध झाले होते. ४ तासांच्या आत ज्यांचे ऑपरेशन झाले, त्यांत शंभरी ३० दगावले. ज्यांना उशीर झाला, त्यांत शंभरी ९०. पुढच्या काही पाहण्यांत फरक इतका मोठा निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी रक्त मेंदूला दाबत असेल तर कोणताही डॉक्टर उद्यावर ढकलत नाही.

मग कुणी विचारील, "आमच्या पोराच्या फोटोत तडा दिसतोय, तरी डॉक्टर कापत का नाहीत?" बरोबर आहे त्यांचे. माठाचा तडा सांधत नाही, हाडाचा सांधतो. आत रक्त नसेल, हाड जागचे हलले नसेल, तर नुसत्या तड्याला ऑपरेशन लागत नाही. लक्ष ठेवले म्हणजे झाले.

हाड आत दबले असेल आणि वरची कातडीही फाटली असेल, तर गोष्ट निराळी. जखमेतली घाण मेंदूपर्यंत जाण्याचे भय असते. म्हणून असे ऑपरेशन बहुधा एकदोन दिवसांच्या आत करतात. त्या जखमेत हळद, चुना, राख काही भरू नका. स्वच्छ फडके हलके ठेवा, दाबू नका.

कधी नाकातून किंवा कानातून पाण्यासारखे गळते. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. दवाखाना गाठायचाच, पण बोळा कोंबू नका, नाक शिंकरू नका. हे गळणे पुष्कळदा काही दिवसांत आपोआप थांबते, म्हणून डॉक्टर आधी वाट पाहतात.

पहिला दिवस-रात्र डोळ्यांत तेल घालून राखण करा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणे, झटका, एका अंगाचा अशक्तपणा, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करा. मान वाकवू नका, माणूस सरळ ठेवा. आणि तोंडाला दारूचा वास आला म्हणून "उतरेल सकाळी" असे म्हणून सोडू नका. आमच्या मते या एका बोलण्यापायी फार माणसे गेली असतील.

दवाखान्यात गेल्यावर चार गोष्टी न विसरता सांगा : किती वाजता पडला, मध्ये शुद्ध गेली होती का, गुंगी केव्हा सुरू झाली, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. पुढची घाई किती करायची, ते डॉक्टर यावरूनही ठरवतात.