यादी लागली का?

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पावसाने कहर केला. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं, नदीकाठची माती खरवडून गेली. पाणी ओसरल्यावर गावोगावी पारावर एकच विचारणा सुरू झाली: "यादी लागली का?" मदतीच्या या यादीच्या पोटात काय काय दडलंय ते उलगडून पाहिलं, की थक्क व्हायला होतं.

सुरुवात होते पर्जन्यमापकापासून. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येऊन पंचनामा करतात. (तलाठी आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झालेत, गावाच्या तोंडी मात्र अजून तलाठीच.) त्यांच्यापुढचा मोठा पेच एकच: पीक 33 टक्के गेलं की नाही? 2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती. 32 टक्के गेलं तर हाती भोपळा, 33 गेलं काय नि सगळं गेलं काय, हेक्टरी दर तोच. हा एका टक्क्याचा निवाडा चिखलात उभं राहून नुसत्या नजरेने करायचा!

पुढचं गणित शाळकरी पोरही सोडवील. आपत्ती निवारण निधीच्या 2025 मधल्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500. हेक्टरात शंभर आर, म्हणजे जिरायतीचा एक आर 85 रुपयांचा. यादीत बाधित क्षेत्र 0.40 असेल, तर पुढे 3,400 हवेत. मर्यादा 2 हेक्टरांची. 2025 च्या मदत पॅकेजमध्ये राज्याने ती 3 केली. तेवढ्या पैशात बियाणं-खताचा तरी खर्च निघतो का, हे शेतकऱ्यालाच विचारावं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते मदतवाटपाच्या शासन निर्णयातल्या एका रुक्ष सूचनेचं: वाटपानंतर लाभार्थ्यांची यादी आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. माहिती अधिकार कायदा, 2005 चं कलम 4 तर त्याहून पुढे जातं. अनुदान योजनेत किती रक्कम दिली, कोणाला मिळाली, हे सरकारने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, आपणहून सांगायचं आहे.

याचं मोल गावात कळतं. अमक्या गटात निम्मा नाला आहे, तमक्याने यंदा पेरलंच नाही, हे मंत्रालयाला कुठून ठाऊक असणार? भावकीला पक्कं ठाऊक असतं. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अनुदानवाटपातला घोटाळा 2025 मध्ये उघड झाला, तेव्हा महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची पाळी आली. अशा बनवाबनवीत नाव, क्षेत्र आणि रक्कम चव्हाट्यावर असली, की हरकत घ्यायला बांधाला बांध लागून असलेला शेजारी पुरतो.

यादीत नाव आलं तरी पैसे लगेच खात्यात पडतात असं नाही. नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो; तो घेऊन सेवा केंद्रात जायचं आणि अंगठा देऊन आधार पडताळणी करायची. 2025 मध्ये अ‍ॅग्रीस्टॅक या डिजिटल शेतकरी नोंदवहीत नोंद असलेल्या शेतकऱ्यांना यातून सूट मिळाली. बाकीच्यांनी अंगठा टेकवण्याआधी पडद्यावरचा गट क्रमांक आणि क्षेत्र आपल्या सातबाऱ्याशी ताडून घ्यावं. चूक दिसली, तर तहसील कार्यालय गाठायची वेळ तीच.